डोंबिवली ते ठाण्याचा कोळीवाडा, मांडीवर ग्लायडरचं सुकाणू

हल्ली डोंबिवलीहून ठाण्याला स्कूटरनं जा म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. नव्वदीतल्या एका रविवारी आम्ही मात्र गेलेलो, कारण मी एका ग्लायडरच्या सुकाणूची पार वाट लावलेली.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. पुण्याकडच्या एका क्लबात मी ते शिकत होते. पावसाळ्यात उड्डाणं बंद, म्हणून शेपटीचं सुकाणू पॉलिश करायला मोठ्या हौसेनं घरी आणलं, धुतलं आणि लगेच प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं. टीव्ही, सोफा, स्कूटरची सीट, आमच्याकडे सगळंच प्लॅस्टिकमध्ये! दसऱ्याच्या तोंडावर उघडते तर काय, फायबरवरचा तो पांढराशुभ्र चकचकीत थर, जेलकोट म्हणतात त्याला, त्यावर घामोळ्यासारखे फोड. तीन आठवड्यांनी क्लबात शिकवणारे आमचे दामले सर ते तपासणार होते. नापास झालं तर ग्लायडर जमिनीवर, आणि माझं पहिलं एकटीचं उड्डाणही गेलं. रडूच आलं मला.

"फायबरच्या होड्यांना पण हाच थर असतो ना? चल कोळीवाड्यात," नवरा, रवी, म्हणाला.

शिळफाट्यापर्यंत ठीक होतं. मुंब्र्याच्या पुढे खाडीवरचा वारा सुकाणूवर आपटला आणि स्कूटर लागली की डावीकडे वळायला!

"अगं, आडवं धर ते! गाडी तू चालवतेयस की मी?" रवी ओरडला.

घाबरले खरी, पण गंमतही वाटली. एवढीशी फळी दोन माणसांना वळवते! कळव्याला थांबून चहा-वडापाव खाल्ला. या रस्त्याला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, नंतर ट्रक जीव खातात.

ठाण्यात चेंदणीच्या कोळीवाड्यात होड्या दुरुस्त करणारे एक म्हातारे नाखवा भेटले. त्यांनी फोडांवरून नख फिरवलं.

"वलंच गुंडाललंस ना गो?"

मी मान खाली घातली.

"फायबर पानी पितो. होडी दर्यात फुगते, तुजं पिशवीत फुगलं."

"वरून नवा थर द्याल का?"

"देतो की, चांगला जाड!"

"नको नको, वजन जरा वाढलं तरी विमानाला धोका!"

"म्हंजे जेवढं काडायचं तेवढंच भरायचं?" नाखव्यांचे डोळे चमकले. मग कामच दाखवायला बसले. फोड वॉटरपेपरनं घासून उघडायचे, सुकाणू दोन आठवडे सावलीत सुकवायचं. "बोंबील उन्हात, ह्ये सावलीत!" मग टाचणीच्या टोकानं जेलकोट भरून परत सपाट घासायचं, शेवटी हातानं मेण. मशीन नको, तापून थर जळतो. "आनि पिशवी नको, खोल सुती शिव," म्हणाले, म्हणजे सुती कापडाची खोळ. जेलकोटची छोटी डबीही दिली. "उडलीस की सांगाय ये."

घरी मी अगदी तसंच केलं, सुकाणू क्लबात नेलं आणि सरांना सगळं खरं सांगून टाकलं. त्यांनी सुकाणू तोललं, त्यावरून बोट फिरवलं. मग मेकॅनिकला म्हणाले, "बसवा."

त्याच दुपारी मी एकटी उडाले. उतरल्यावर पहिली ठाण्याला गेले, नाखव्यांना पेढे दिले.

घरी आले आणि सोफ्याचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं.

"अगं, डाग पडतील!" रवी किंचाळला.

"पडू देत," म्हटलं, आणि ऐसपैस बसले. लग्नाला सात वर्षं झालेली, आमचा सोफा मऊ आहे हे त्या दिवशी कळलं.