खिडकीशी आलेला वड

पंच्याऐंशीच्या सुमारास आम्ही मानपाड्याला राहायला गेलो, तेव्हा आमच्या चार बिल्डिंगांत मिळून एक झाड नव्हतं. एका पावसाळ्यात सगळ्यांनी मोठ्या हौसेने रोपं लावली, भजी खाल्ली आणि विसरून गेले. बकऱ्यांनी ती फस्त केली. उरला एक वड, आमच्या पश्चिमेच्या खिडकीखाली. तो उरला कारण मी त्याला डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी घातलं, बकऱ्यांमागे काठी घेऊन धावले. लोक हसायचे. हसोत मेले!

फॅक्टरीत राबून ह्यांना दमा जडलेला. तीननंतर भिंत तव्यासारखी तापायची आणि ह्यांचा जीव घुसमटायचा. पलंग हलवायला दुसरी खोली नव्हती. डॉक्टर म्हणाले, गारव्यात ठेवा. अहो, कुठून आणू गारवा? माझी सगळी मदार त्या वडावर. चौथ्या उन्हाळ्यात फांद्या पहिल्या मजल्यावर, आमच्या खिडकीपर्यंत आल्या आणि ह्यांच्या अंगावर सावली पडली. त्या दुपारी हे तासभर शांत झोपले. मी मोरीत जाऊन रडले.

मग वटपौर्णिमा आली. पाऊस लांबलेला. मी उपाशीपोटी औषधं आणायला स्टेशनपाशी गेलेले. परतले तर वडाचा नुसता खुंट, आणि जिन्यात नटलेल्या बायका, प्रत्येकीच्या हातात एकेक फांदी. एरवी आम्ही सगळ्याच बाजारातून फांदी आणून घरात पुजायचो. मीसुद्धा.

"अगं, दारात वड असताना विकत कशाला आणायची? तुझ्यासाठीही ठेवलीय हं," शेजारीण म्हणाली.

"तुमचे नवरे जगावेत म्हणून माझा मारताय का गं!" मी किंचाळले.

"सणासुदीला काय अभद्र बोलतेस!"

दुपारी ऊन थेट पलंगावर आलं. मी ती फांदी बादलीत घालून खिडकीत ठेवली. तासाभरात तिने मान टाकली. मग मीच खिडकीत उभी राहिले, पदर पसरून, दिवेलागणीपर्यंत.

"बस गं आता," हे म्हणत होते. तेवढं बोलतानाही धाप लागत होती.

पाऊस आणखी लांबला. तो यायच्या आधीच हे गेले.

वड चिवट, पुन्हा फुटला. पुढच्या वटपौर्णिमेला एकीनेही फांदी तोडली नाही. सगळ्या खाली जाऊन त्यालाच फेरे घालत होत्या. मी खिडकीतून बघत होते. मला कोणी हाक मारली नाही.