दातांनी ऐकणारे मेकॅनिक

मालवणच्या धक्क्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकना कोणी हाक मारत नाही. ते बसतात त्या फळीवर पाय आपटायचा, मग ते वर बघतात. डिझेल इंजिनांशेजारी आयुष्य काढून त्यांचे कान गेलेत.

माझ्या मेव्हण्याच्या स्पोर्ट्स कारचं इंजिन कुईंकुईं करायला लागलं. शहरातल्या गॅरेजात ‘इंजिन खोलावं लागेल’ म्हणाले, तेव्हा मी त्याला गाडी धक्क्यावर आणायला लावली.

“बहिऱ्या माणसाला आवाज शोधायला सांगतोस?” मेव्हणा माझ्यावर उखडला.

मेकॅनिकनी हाताने खूण करून इंजिन सुरू करायला लावलं. लांब स्क्रू-ड्रायव्हरची लाकडी मूठ दातांत धरली, टोक इंजिनावर टेकवलं आणि डोळे मिटले. एकेक जागा चाचपत टोक सरकत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं. त्यांनी मूठ तोंडातून काढली.

“इंजिनाक कायएक जावक नाय. ही पुली रडता.”

गाडी बंद करून त्यांनी पट्टा उतरवला आणि पुली नुसत्या बोटाने फिरवली. कुईं!

मेव्हण्याने हातच जोडले.

दुपारी पुलीत नवं बेअरिंग बसलं. इंजिन गुळगुळीत चालू लागलं. मेव्हणा ते बंद करणार, इतक्यात ते म्हणाले, “ऱ्हवांदे रे. वायच आयकाक दी माका.”

मूठ पुन्हा दातांत गेली, डोळे मिटले.

“अजून काही बिघडलंय?” मेव्हण्याने घाबरून विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली. मग तोही त्यांचा खुललेला चेहरा बघत राहिला. भर उन्हात पेट्रोल जळत राहिलं, पण त्याने इंजिन बंद केलं नाही.