पाठीतलं पाणी आणि तुडीलची उघाडी

माझ्या पाठीत, कमरेच्या हाडांच्या रेषेत, दोन वेळा सुई गेलेली आहे. खूण काही उरलेली नाही. लग्नानंतर बायकोनं बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "इथं तर काहीच नाही, उगं सांगता तुम्ही." पण जागा मला माहीत आहे.

मी नांदेडकडचा. सातवीनंतर शाळा सुटली, मामाच्या ओळखीनं वेल्डिंग शिकलो. महाडला नव्या कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या, तेव्हा एका ठेकेदाराबरोबर तिकडं गेलो. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. आमच्याकडं नजर जाईल तिथपर्यंत सपाट रान. इथं जिकडं बघावं तिकडं डोंगर आडवा. लोकांची बोलीही कळेना. "काय रे, जेवलास नाय?" हे विचारणं आहे की रागावणं, हे समजायला मला बरेच दिवस लागले. मी मुळात भित्रा. पोटात जरा दुखलं तरी आता गावी कोण कळवणार, हा विचार आधी यायचा.

महाड गावात मला एक पडवी भाड्यानं मिळाली होती. घर एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं. त्यांना सगळे गुरुजी म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांच्या बायकोला मी मावशी म्हणायचो. मावशीचं माहेर तुडीलचं, सावित्रीच्या खाडीकाठचं. सकाळी "जयभीम मावशी" म्हटलं की ती "जयभीम" म्हणायची आणि त्याच दमात विचारायची, "अंघोळ केलीस की नुसता जयभीम?"

त्या वर्षी थंडीत मी आजारी पडलो. वेल्डिंगवाल्यांना एक दुखणं ठाऊक असतं. काळी काच न धरता ठिणगीकडं पाहिलं की संध्याकाळी डोळे लाल होतात, त्यांत वाळू गेल्यासारखं होतं, उजेड सोसत नाही, डोकं ठणकतं. आम्ही त्याला आर्क लागली म्हणायचो. त्यावरचा आमचा इलाजही ठरलेला, बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर बांधायच्या आणि अंधारात पडायचं. सकाळी माणूस उठून कामावर. मला उजेड सोसेना, डोकं फुटायला आलं, तेव्हा सोबतच्यांनी दुसरा विचारच केला नाही. चकत्या बांधल्या. एक जण म्हणालासुद्धा, "जपून रे, भूक लागली तर डोळ्यांवरची भाजी खाशील." अंगात ताप होता, पण तापलेल्या पत्र्यावर दिवसभर बसणाऱ्याचं अंग गरमच असणार, असं आम्ही धरून चाललो. अख्खा दिवस मी त्या बटाट्यांखाली पडून होतो.

दुसऱ्या दिवशी मावशी पेज घेऊन आली. मला बसवलं, वाटी पुढं धरली.

"खाली बघ की रे, वाटी तिथं हाय, तू आढ्याला काय बघतोस?"

मला खाली बघताच येईना. हनुवटी छातीकडं नेली की मानेत कुणी पहार घातल्यासारखं व्हायचं. तिनं चकत्या काढून टाकल्या, डोळे उघडून पाहिले. मग बाहेर जाऊन गुरुजींना म्हणाली, "डोळं लाल नायत त्याचं. मान लाकूड झालीय. टेम्पो बघा आधी."

ठेकेदाराच्या टेम्पोतून मला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, पुण्याकडचे, चष्मेवाले. त्यांनी माझं डोकं हातात धरून पुढं वाकवायचा प्रयत्न केला आणि मी ओरडलो. ते म्हणाले, "पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल. आत्ताच."

आमच्या गावात एकाचं पाठीतलं पाणी काढलं आणि तो लुळा झाला, असं मी ऐकलेलं. महाडातही तेच बोललं जायचं. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं मान हलवली: "पाणी काढलं म्हंजी माणूस खपला." डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं, रागावले नाहीत. म्हणाले, "आजी, माणूस इतका उशिरा आणतात की पाणी काढलं काय, न काढलं काय. मग नाव त्या सुईचं होतं." मग माझ्याकडं वळून सांगितलं, की मेंदू आणि पाठीचा कणा एका पाण्यात असतात, त्या पाण्यात जंतू शिरलेत की नाही हे बघितल्याशिवाय औषध नेमकं देता येत नाही. सुईच्या तयारीला तासभर लागणार होता, तोवर अंदाजानं पेनिसिलीनचं पहिलं इंजेक्शन त्यांनी देऊनही टाकलं.

"याच्या घरचं कोण आहे?" त्यांनी विचारलं.

घरचे नांदेडला. तार पोचून कुणी येईपर्यंत दोन-तीन दिवस सहज गेले असते. मावशी पुढं झाली. "मी हाय. मावशी हाय मी त्याची." सख्खी का, असं डॉक्टरांनी विचारलं नाही. ती बाहेर गेली नाही. मला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घेतले, आणि मावशीनं एक हात मानेमागं, एक गुडघ्यांमागं घालून मला आवळून धरलं. तिच्या पदराला चुलीच्या धुराचा वास होता. "हलू नको. कोलंबीसारखा वाकडा पड," ती कानाशी म्हणाली. सुई आत जाताना मी तिचं मनगट एवढं दाबलं की पुढं कितीतरी दिवस ती गुरुजींना ते दाखवत होती.

नळीत पडलेलं पाणी गढूळ होतं, तांदळाच्या धुवणासारखं. डॉक्टर एवढंच म्हणाले, "मेंदूच्या आवरणाला सूज आहे. आता वेळ घालवायचा नाही."

पेनिसिलीनची इंजेक्शनं चालू राहिली, दर चार तासांनी. पहिल्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. आठवते ती पेज. मावशी तिन्ही त्रिकाळ पेज आणायची, कारण तिचा हिशेब साधा होता: पाणी काढलंय, ते भरून यायला हवं. डॉक्टर हसले. म्हणाले, "पेज द्या, चांगलीच आहे. पण ते पाणी शरीर आपलं आपण करतं. दिवसातून तीन-चार वेळा सगळं नवं होतं." मावशीनं पेज तरीही कमी केली नाही.

ताप उतरू लागला. उजेड सोसायला लागला. तेव्हा एका दुपारी डॉक्टर खाटेशी बसले आणि म्हणाले, "मला अजून एकदा पाणी काढायचंय. तुमच्या तब्येतीचा अंदाज येईल, पण खरं सांगतो, त्यासाठी ते अगदी लागतंच असं नाही. मला एक शोधायचं आहे. पहिल्या पाण्यातलं थोडं मी त्यासाठीच ठेवलंय."

शोधायचं काय, तेही त्यांनी सांगितलं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक आडोसा असतो. रक्तातलं वाटेल ते मेंदूकडं जाऊ नये म्हणून. तो असतो म्हणून आपण शाबूत असतो. पण औषधालाही तो आडवतो. सूज असली की आडोसा सैल पडतो आणि औषध आत शिरतं. सूज उतरली की तो पुन्हा घट्ट होतो. किती लवकर होतो, औषध किती कमी पोचतं, हे त्यांना इथल्या रुग्णांत मोजून हवं होतं. "मोजायचं यंत्र मुंबईत मित्राकडे आहे. पेशंट माझ्याकडे आहेत," ते म्हणाले.

मी लगेच "हो" म्हणालो. त्यांनी जीव वाचवला होता. ते उडी मार म्हणाले असते तरी मी हो म्हणालो असतो.

मावशी उभी राहिली. "डॉक्टर, रागावू नका. हा घाबरून हो म्हणतोय. परक्या मुलखातला पोर, तुमच्या हाताखाली पडलाय. नाय म्हणायची त्याची टाप नाय. उद्या विचारा. बसून जेवेल तवा विचारा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा मोठा माणूस, त्याला ही असं बोलते. पण डॉक्टर म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. उद्या विचारतो. नाही म्हणालात तरी इंजेक्शनं हीच, आणि मीही हाच."

ते गेल्यावर मावशी माझ्यावर घसरली. "तुला हवं तर हो म्हण. पण उपकार फेडायला पाठ देऊ नको, कळलं?"

दुसऱ्या दिवशी मी भात खाल्ला, बसून. डॉक्टर आले तेव्हा मीच त्यांना विचारलं, "साहेब, सूज असली की औषध आत जातं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकाला कुणी सांगितलं?"

ते हसले. "तुमच्यासारख्याच कुणीतरी. पाठ वाकवून."

ते कुणीतरी कुठले, त्यांची मावशी कोण होती, देव जाणे. त्यांनी पाठीतून दिलेल्या पाण्यावर मी आज बसून भात खात होतो. मी म्हणालो, "काढा. पण मावशी धरायला पाहिजे." या वेळी हो म्हणताना आदल्या दिवशीसारखं उपकार फेडल्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या वेळचं पाणी डॉक्टरांनी खिडकीशी धरून दाखवलं. विहिरीच्या पाण्यासारखं नितळ. आणि तिथंच माझं डोकं फिरलं. त्याच सकाळी सोबतचा एक जण सांगून गेला होता की ठेकेदार माझ्या जागी खेडचा माणूस घेतोय. मी म्हणालो, "साफ झालं की साहेब. मग सोडा मला. आजच जातो."

"आज नाही. अजून आठवडा तरी, आणि इंजेक्शन तेवढंच, एक थेंब कमी नाही. उलट आत्ताच ते जास्त गरजेचं. आडोसा पुन्हा घट्ट होत चाललाय, औषध आत कमी पोचणार. आत एखादा जंतू उरला आणि तुम्ही उठून गेलात, तर तो पुन्हा वाढेल. मग कान जातो, डोकं जातं, कधी माणूसच जातो."

मला ते पटेना. ताप नाही, दुखत नाही, पाणी साफ. मी चपला शोधायला लागलो. खरोखर खाटेखाली वाकून शोधत होतो.

मावशीनं त्या आधीच पायानं पलीकडं सरकवलेल्या. ती म्हणाली, "उघाडी ठाऊक हाय तुला? नाय. तुझ्या मुलखात खाडी कुठली. आमच्या शेताला बांध असतो, खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून. बांधात उघाडी असते, लाकडाची फळी, वर बिजागरीला टांगलेली. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून भायेर जातं. भरतीला भायेरचं पाणीच तिला दाबून बंद करतं. एखाद वेळी तिच्यात ओंडका अडकतो, उघडी राहते, खारं पाणी शेतात. मग सगळा गाव धावतो, ओंडका काढतो, फळी धाडकन बसते. आणि दरवेळी चार शहाणे म्हणतात, झालं काम, चला घरी. माझा बाप वराडायचा त्यांच्यावर. आत शिरलेलं खारं कोण काढणार, तुझा आजा? ते निघालं नाय तर भात जळतो, बाळा. उघाडी बंद असून जळतो."

डॉक्टर नळी हातात धरूनच ऐकत होते. "अगदी असंच नाही," ते म्हणाले, "पण... उघाडी म्हणालात ना?"

मी खाटेवर बसलो. चपला मागितल्या नाहीत.

दोन्ही वेळच्या पाण्याच्या नळ्या मुंबईला पाठवायच्या होत्या, बर्फात. थर्मास तयार केला, गुरुजी एसटी स्टँडवर घेऊन उभे राहिले. गाडी रत्नागिरीकडून यायची, आणि कशेडी घाटात ट्रक आडवा झाल्यानं ती येईना. बर्फ वितळायला लागला. शेवटी गुरुजींनी मासळी बाजारातून बर्फ आणून थर्माससकट सगळं एका डब्यात बसवलं. कंडक्टरनं वास घेऊन विचारलं, "गुरुजी, पापलेट काय?" गुरुजी म्हणाले, "नाही, भाडेकरू."

बऱ्याच दिवसांनी मुंबईहून उत्तर आलं. पहिल्या पाण्यापेक्षा दुसऱ्यात औषध कितीतरी कमी होतं. डॉक्टरांनी ते मला मुद्दाम बोलावून सांगितलं. म्हणाले, "एकट्यावरून काही सिद्ध होत नाही. अजून पुष्कळ बघावे लागतील." तोवर मी बरा होऊन बाहेर पडलो होतो. ठेकेदाराकडची जागा गेलीच होती. गुरुजींच्या ओळखीनं बाजारपेठेतल्या ग्रिलच्या दुकानात लागलो. डाव्या कानात अधूनमधून शिट्टी वाजायची, म्हणून मी रोज सकाळी घड्याळ कानाला लावून बघायचो. टिकटिक यायची.

त्या उन्हाळ्यात तुडीलच्या उघाडीची बिजागरी तुटली. मावशीच्या भावानं ती पिशवीतून दुकानात आणली, गंजलेली, दोन तुकडे. मी जाड पट्टी घालून जोडली, आणि रविवारी मावशीबरोबर घेऊन गेलो. डॉक्टरही आले, मोटरसायकलवर. त्यांना ती फळी बघायचीच होती. आम्ही बिजागरी बसवली आणि भरतीची वाट बघत बांधावर उभे राहिलो.

खाडी हळूहळू फुगली. फळी खाली, आमच्या पायांच्या रेषेत होती.

"फळी लागली काय रे?" मावशीनं मागून विचारलं.

मी हनुवटी छातीला टेकवून खाली बघितलं. मान सहज वाकली. पाण्यानं फळी दाबली, ती चौकटीवर जाऊन बसली, कडेनं एक बारीक धार येत राहिली आणि मग तीही थांबली.

"लागली," मी म्हणालो, आणि तसाच खाली बघत उभा राहिलो.