पालमास्तरांनी पाडलेले नाव

पालमास्तर अपमान विसरत नसत. एका इन्स्पेक्टरने त्यांना 'अरे' म्हटले, तर त्या गृहस्थाशी ते पुढे कायम इंग्रजीतच बोलले. नगरच्या मिशन शाळेत ते विज्ञान शिकवीत, मी चित्रकला.

रविवारची उपासना आटोपली की ते डोंगरगणच्या माळावर दगड उलथीत हिंडत. तिथे त्यांना ठिपक्यांची एक पाल सापडली. ती कुठल्याच पुस्तकात बसेना. पुण्याचा एक गोरा अधिकारी या विषयातला जाणकार म्हणून गाजलेला होता. मास्तरांनी त्याच्याकडे चार-पाच पाली पाठवल्या. जात नवी ठरली तर शास्त्रीय नावात तुमचेच नाव घालीन, असा शब्द त्याने दिला. मास्तरांनी ते पाळकांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना सांगितले.

नाव छापून आले ते साहेबाच्या सासऱ्याचे. मास्तर खालच्या टीपेत 'एक स्थानिक मदतनीस' झाले होते. शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. मास्तर मला एवढेच म्हणाले, "नाव ठेवणं सोपं हाय. टिकवून दाखव म्हणावं."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना एका दगडाखाली जुगलेली जोडी मिळाली. नराच्या मांडीखाली बारीक छिद्रांची ओळ होती, मादीला नव्हती. असा नर फार पूर्वीच दुसऱ्या नावाने नोंदलेला होता. म्हणजे साहेबाकडे गेल्या त्या सगळ्या माद्याच, आणि त्याची नवी जात ही त्याच जुन्या पालीची मादी. आधीचे नाव राहते, मागाहून दिलेले पडते, असा शास्त्राचा नियम. मी दोघांची चित्रे काढून दिली आणि लेख लगेच धाडा म्हणालो.

"थांबा," मास्तर म्हणाले. "साहेब मोठा ग्रंथ लिहितोय. सासऱ्याला रंगीत चित्रासकट छापू दे की."

तेवढ्यात दुसरे महायुद्ध लागले; लढाईत कागद मिळेना, ग्रंथ रखडला. मास्तर थांबले. ग्रंथ निघाला त्याच आठवड्यात त्यांनी लेख मुंबईला धाडला. तो छापला गेला, इतर जाणकारांनी पाली तपासल्या आणि साहेबाने दिलेले नाव रद्द झाले.

साहेब विलायतेला परतण्याच्या तयारीत होता. लेखाची प्रत द्यायला मास्तर स्वतः पुण्याला गेले. सोबत मला नेले. बांधलेल्या पेट्यांच्या मधे उभ्यानेच साहेबाने लेख वाचला. मग म्हणाला, "म्हणजे मास्तर, तुम्हीही काही नवे शोधले नव्हते."

"नाही," मास्तर शांतपणे म्हणाले. "पण रद्द झालेलं नाव पुसत नाहीत, साहेब. खऱ्या नावाखाली चूक म्हणून ते छापत राहतात."

साहेबाने आम्हांला बसायलाही सांगितले नाही. परतताना मोटारीत मास्तर शिरूर येईपर्यंत गाढ झोपले.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षे झाली. पाली-सरड्यांचे नवे पुस्तक दिसले की मी ते पान काढतो. सासरेबुवा बारीक टाइपात तिथेच असतात.