पाणी पिण्याची भीती

अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन चौथीपर्यंतचंच, त्याबद्दल माफ करा. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितल्याशिवाय हात पुढे जात नाही.

गावाकडे गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन झालं आणि त्यानंतर लघवी थांबेना. झोपेतसुद्धा गळायची. बेंगळुरूच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, लघवीच्या पिशवीला भोक पडून लघवी अंगावाटे येते आहे, पण शिवता येईल. तोवर मला एकच उपाय ठाऊक होता, पाणी न पिणं. बसने जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून घोटसुद्धा नाही.

खर्च माझ्या मोठ्या जाऊबाईंनी केला. त्या बेंगळुरूतच मल्लेश्वरमला घरी डबे करून विकतात, मी त्यांच्याकडेच उतरले होते. फ्रिजसाठी साठवलेले पैसे त्यांनी काढले.

"अक्का, राहू द्या," मी म्हटलं.

"राहू द्या काय? रोज गच्चीवर तुझी गादी वाळवून माझी कंबर गेली."

त्या हसल्या. मला मान वर करवेना.

ऑपरेशननंतर लघवीसाठी नळी घातली. सिस्टर म्हणाल्या, भरपूर पाणी प्या, नळी वाहती राहिली पाहिजे, नाहीतर टाक्यांवर ताण येतो. मी मान हलवली. पण ग्लास हातात घेतला की पुन्हा गळेल असंच वाटायचं. ओठ ओले करून मी तो खाली ठेवायची.

"प्यालात ना?"

"प्याले."

दुपारी अक्का आल्या, तेव्हा नळीत लघवी उतरतच नव्हती. जी होती ती काळ्या चहासारखी. माझं ओटीपोट दुखत होतं, पण बोलायची लाज वाटत होती. अक्कांनीच सिस्टरना हाक मारली. त्यांनी नळी धुतली, तसा गाळ निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टाके सुटले तर दुसऱ्यांदा शिवणं अवघड जातं." त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

अक्कांनी दोन ग्लास भरले. एक स्वतः प्याल्या.

"सरी," त्या कानडीत 'बरं' म्हणाल्या, "आता तुझा. मी एकटीनं किती प्यायचं?"

मी रडत रडत प्याले. फ्रिजचे पैसे माझ्या एका खोट्यापायी वाया गेले, असंच तेव्हा वाटत होतं. त्यानंतर नळी निघेपर्यंत त्या रोज येऊन समोर बसायच्या, आणि तिकडे त्यांच्या डब्यांना उशीर व्हायचा.

नळी काढण्याआधी पिशवीत निळं औषध सोडलं आणि खाली अंगात कापूस ठेवून बघितलं. कापूस निळा झाला असता तर भोक तसंच, सगळं फुकट. तो पांढराच निघाला.

आता चारचौघांत बसता येतं म्हणून एका पाळणाघरात काम धरलं. दर पगाराला अक्कांच्या हातात पैसे ठेवायची. फ्रिज नसल्यानं उन्हाळ्यात त्यांची भाजी नासायची, ती टाकताना त्यांच्याकडे बघवायचं नाही. गेल्या पगाराला उरलेले सगळे दिले.

"झालं, फिटले," अक्का म्हणाल्या, आणि कणकेचे हात धुवायला गेल्या.