कडा खा, ओरडू नका

पावाच्या कडा चोरल्या म्हणून कुणाला कामावरून काढल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? मी तर डोळ्यांनी पाहिलं. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आमच्या पुस्तकबांधणीच्या दुकानासमोर सँडविचचं दुकान आहे. दुकान कसलं, एक काउंटर आणि त्यामागे दोन माणसं अंग चोरून उभी राहतील एवढी जागा. बसायला काही नाही. घ्या आणि चालू लागा. आम्हाला जेवायची सुट्टी अर्धा तास. सव्वा वाजला की शिंपी, दातांच्या दवाखान्यातली नर्स, चाव्या करणारा, बँकेतले दोघं आणि मी, सगळे पोटात कावळे ओरडत असताना रांगेत उभे. आणि काउंटरमागे बावीस वर्षं एकच बाई. आम्ही तिला कडाकाकू म्हणायचो.

मालकांना सँडविच मऊ लागायचं, म्हणून पावाच्या चारी कडा काढाव्या लागत. पहिल्याच आठवड्यात कचऱ्याचा डबा कडांनी भरलेला पाहून काकू मालकांना म्हणाली, मला अन्न टाकवत नाही. मालक म्हणाले, मग वाटून टाक. झालं, तेव्हापासून काकू त्या कडांना लोणी लावून तव्यावर खरपूस भाजायची, वर मीठ-मिरपूड भुरभुरवायची आणि रांगेत वाटायची. तेही शेवटून. पुढच्याचं सँडविच आत्ता येईल, मागच्याने काय करायचं, असा तिचा हिशेब. कुणी घाई केली की मालक गल्ल्यावरून ओरडायचे, कडा खा, ओरडू नका. हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की पुढे पुढे अख्खी रांगच एका सुरात म्हणायची.

काकू गोड बोलणारी वगैरे अजिबात नव्हती. दुकानातल्या सुरीने टोमॅटो चेंगरतो म्हणून स्वतःची सुरी घरून फडक्यात गुंडाळून आणायची, आणि त्या सुरीला कुणी हात लावला तर त्याची खैर नसायची. नवरा लवकर गेला. ह्याच काउंटरवर उभं राहून तिने मुलीला शिकवलं, तिचं लग्न केलं. आणि एक सांगून ठेवते, बावीस वर्षांत तिने स्वतः एक कड तोंडात टाकलेली मी पाहिली नाही. घरून डबा आणायची आणि गर्दी सरली की उभ्यानेच खायची.

गेल्या वर्षी मालकांना अर्धांगाचा झटका आला. अंथरुणाला खिळले, वाचाही गेली. दुकान जावयाकडे आलं. ह्या महाशयांनी आयुष्यात कधी काकडी चिरली नसेल, पण काउंटरवर कॅमेरा बसवला आणि घरी पंख्याखाली बसून उंटावरून शेळ्या हाकायला लागले. महिनाभरात त्यांनी काय शोधून काढलं, तर काकू रोज माल फुकट वाटते.

एका मंगळवारी ऐन गर्दीत ते आले. आम्हा सगळ्यांसमोर काकूला म्हणाले की ही चोरी आहे, माफीनामा लिहून द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका. काकू एवढंच म्हणाली की मालकांनीच सांगितलं होतं. त्यावर हा माणूस हसला.

"ते आता बोलू शकत नाहीत. तुमची सोयच झाली."

अरे, लाज? सासरा अंथरुणात पडलाय आणि हा दात काढतोय.

काकूने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने आमच्याकडे पाहिलं. "ह्यांना विचारा. ह्यांनी ऐकलंय."

आणि त्याने खरंच विचारलं. कुणी ऐकलंय का, म्हणाला.

शिंप्याने घड्याळ पाहिलं. नर्स फोनमध्ये शिरली. बँकेतल्या दोघांना एकाएकी आभाळ इतकं आवडलं की मान खाली येईना. मालकांचा आवाज हुबेहूब काढून दाखवणारा तो चाव्यावाला, त्याने डोकं खाजवलं. हात ओला तर मैतर भला म्हणतात, ते काही खोटं नाही. आणि मी त्या दिवशी रांगेत शेवटी होते. म्हणजे पहिली कड माझ्या तोंडात होती.

काकूने हातातलं सँडविच पूर्ण केलं, कागदात बांधलं, ज्याचं होतं त्याला दिलं. सुरी पुसली, फडक्यात गुंडाळली. एप्रन काढून घडी घातली आणि निघून गेली. माफीनामा काही लिहिला नाही.

मग दुपारभर आमची जीभ सुटली. नर्स म्हणाली माणुसकीच उरली नाही. शिंप्याने जावयाच्या सात पिढ्या काढल्या. मी तर शपथ घेतली की त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही. दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता आम्ही सगळे रांगेत होतो, मीसुद्धा. समोर कडा पिशव्यांत भरून विकायला मांडल्या होत्या.

दीड महिन्याने बसथांब्यावर काकू भेटली. काम शोधत होती. दोन ठिकाणी होकार येता येता राहिला, कारण आधीचं काम का सुटलं ते तिच्या आधीच तिथे पोहोचलं होतं. माझं डोकंच फिरलं. मी जावयाला नालायक म्हटलं, कृतघ्न म्हटलं, आणखी काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. काकूने सगळं ऐकून घेतलं. पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"जाऊ दे गं. तू तरी बोलली असतीस, माहितीये मला. तुझ्या तोंडात घास होता."

एक कड गिळायला असा किती वेळ लागतो?

मी म्हटलं, "हो ना काकू, घास होता."