डबल बेल

परभणीत त्या काळी कसली आलीय रहदारी, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. वाहनं कमी होती हे खरं. पण होती तेवढी सगळी एकाच वेळी एकाच रस्त्यावर यायची आणि प्रत्येकाला वाटायचं, रस्ता आपल्या आज्यानं बांधलाय. रिक्षावाला भर रस्त्यात थांबून ओळखीच्या माणसाला सोयरिकीची बातमी विचारायचा. कापसाचा ट्रॅक्टर वळताना मागं बघायचा नाही, कारण मागं बघून त्याला दिसणार होता तो कापूसच. आणि जीपवाले! आत मावतील तेवढी माणसं आत आणि न मावतील तेवढी टपावर घेऊन निघाले की त्यांना डावं-उजवं काही नसायचं. विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा निघाला की रस्ता बराच वेळ अडायचा. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती, त्या माणसांना काहीतरी मागायचं होतं. जीपवाल्याला काय मागायचं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

मी शाळेत शिक्षिका होते. घर रेल्वे फाटकाच्या अलीकडं आणि शाळा पलीकडं. बाबांनी मला लुना घेऊन दिली तेव्हा गल्लीत मी पहिलीच गाडीवाली बाई. पहिल्यांदाच मी कुणाला न विचारता, कुणाची वाट न बघता कुठंतरी जाऊ लागले. पेडल मारल्यावर ती फुरफुरली की मला अंगात बळ आल्यासारखं वाटायचं. बळ जास्तच आलं असावं, कारण दुसऱ्याच आठवड्यात मी बाजारात एका रिक्षावाल्याशी कडाकडा भांडले. चूक त्याचीच होती, पण मी घरी पोचायच्या आत भांडण घरी पोचलं होतं.

बाबा तेव्हा एसटीतून नुकतेच रिटायर झाले होते. सगळी नोकरी ड्रायव्हर म्हणून, त्यातली बरीच वर्षं सोनपेठच्या गाडीवर. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "रस्त्यात भांडनारा डायवर मुक्कामाला पोचत न्हाई. तोंड सुटलं की हँडल सुटतं. पुन्यांदा कानावर आलं, तर लुना इकून टाकतो."

बाबा बोलले की करायचे. माझी मोठी भावंडं याला साक्षीला होती. म्हणून मी पुढं वर्षभर तोंडाला कुलूप लावून गाडी चालवली. पोटात साठलेलं सगळं मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन ओतायची. सोबतच्या बाई म्हणायच्या, "आज कोन आडवा आला?"

त्यातच बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांचा दवाखाना निघाला नेमका फाटकापलीकडं, माझ्या शाळेच्या वाटेवर. मग मी त्यांना मागं बसवून नेऊ लागले, आणि माझ्या हालअपेष्टांत नवी भर पडली.

बाबा मागं बसायचे, पण बसल्यासारखे बसायचे नाहीत. बसच्या खिडकीतून काढावा तसा त्यांचा उजवा हात बाहेर निघायचा. उजवीकडं वळायचं असलं की हात सरळ, हळू व्हायचं असलं की वर-खाली, डावीकडं जायचं असलं की गोल गोल. वळण यायच्या कितीतरी आधी ते सुरू करायचे, कारण बसला तेवढी जागा लागते. त्यात मला जे वळण घ्यायचं असे तेच त्यांना घ्यायचं असेल असंही नाही. मी सरळ निघालेली, त्यांचा हात उजवीकडं, आणि मागून येणाऱ्या सायकली आमच्या अंगावर. एकदा डावीकडं वळायचा हात गोल फिरताना बघून केळीवाला हातगाडा लोटत आमच्या मागं आला. त्याला वाटलं, बोलावताहेत.

शेवटी मी म्हणाले, "बाबा, गाडी मी चालवतेय. मागं बसतो तो कंडक्टर असतो. फार तर बेल मारा. एक बेल थांब, डबल बेल चल."

हे त्यांना फार लागलं. "जलमभर स्टेरिंग धरलं म्या," ते म्हणाले, "आन् आता कंडक्टर म्हनायलीस मला?" दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. हात मात्र निघतच होता.

आता फाटकाचं सांगते. फाटक पडलं की लोकांनी आपापल्या डाव्या बाजूला रांग लावावी, एवढी साधी गोष्ट. पण तसं कधी झालं नाही. मागून येणारा प्रत्येक जण उजवी बाजू मोकळी दिसली म्हणून तिथून पुढं घुसायचा. पलीकडंही तेच. मालगाडी निघून जाईपर्यंत दोन्हीकडं रस्ता काठोकाठ भरायचा आणि लोक समोरासमोर उभे राहायचे, अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना वऱ्हाड उभं राहावं तसे. फाटक वर गेलं की सगळे एकदम पुढं यायचे आणि रुळांवर गच्च अडकायचे.

त्या दिवशीही पिंगळीकडून मालगाडी आली आणि रमतगमत गेली. फाटक उघडलं. मी माझ्या डाव्या बाजूनं रूळ ओलांडले, आणि समोर माझ्याच बाजूला जीप. ड्रायव्हर पोरगेलासा, गळ्यात रुमाल. हॉर्नवरचा हात काही निघेना.

"ओ बाई, लुना मागं घ्या की! समोरून जीप यायलीय, दिसंना का?"

मी कुलूप दाबून धरलं. मग तो टपावरच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बायांच्या हातात गाडी दिली की असंच होतंय."

कुलूप तुटलं. वर्षभराचं साठलेलं होतं, ते सगळं त्या एका जीपवाल्याला मिळालं. रिक्षावाल्याचं, ट्रॅक्टरवाल्याचं, सगळ्यांचं. रस्ता म्हणजे काय, बाजू म्हणजे काय, आईबापांनी काय शिकवलं, काही राहिलं नाही. टपावरची माणसं वाकून बघायला लागली. पालक दिसले, माझ्या वर्गातली मुलं दिसली. आणि श्वास घ्यायला थांबले तेव्हा लक्षात आलं की मागची सीट रिकामी आहे.

बाबा उतरले होते. संपलं, लुना गेली. आता ते त्या पोराची माफी मागणार आणि संध्याकाळी लुनाला गिऱ्हाईक घेऊन येणार.

बाबा जीपजवळ गेले. पोरानं त्यांच्याकडं निरखून पाहिलं आणि हॉर्न थांबला. "काका, तुमी सोनपेठच्या गाडीवर व्हता न्हवं?"

"व्हतो," बाबा म्हणाले. "ती तिच्या साईडनं हाय. तू न्हाईस. मागं घे."

"मागं लय गाड्या हायेत, काका."

"मी घेतो त्यांना."

आणि बाबा जीपच्या मागं गेले. बस मागं घ्यायची असली की कंडक्टर खाली उतरून पत्र्यावर थापा मारतो, अगदी तशा थापा ऐकू येऊ लागल्या. "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं घ्या, बस्स!" एकेक वाहन मागं सरकवत, ज्यांच्या तोंडी शिव्या होत्या त्यांनाही थापा मारत, त्यांनी अख्खी बाजू रिकामी केली. सगळी नोकरी हे काम त्यांच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी केलं होतं.

ते परत आले. घामाघूम झाले होते. मी मान खाली घालून हँडलकडं बघत होते. मागून बसल्याचा धक्का जाणवला. पुढं रस्ता मोकळा होता आणि माझं पेडल मारायचं धाडस होत नव्हतं.

मग कॅरियरच्या नळीवर त्यांची तांब्याची अंगठी वाजली. टण् टण्.

मी गाडी काढली. डोळे भरून आले होते, पण रस्ता दिसणं भाग होतं. दवाखान्याचं वळण जवळ आलं तसं मी आरशात पाहिलं. बाबांचा उजवा हात त्यांच्या मांडीवर होता.